आमच्या ओट्यावरचं ‘या’

माझा मुलगा जर्मनीहून बायकोला घेऊन ब्राह्मणपुरीला राहायला आला, तेव्हा गावाने आम्हाला एकच प्रश्न विचारला. ही किती दिवस टिकेल? मला या प्रश्नाचा भारी राग यायचा, कारण माझ्याही मनात तोच होता. दिवाळी आटोपल्यावर दोघं आले. मुलाने नोकरीतून लांबलचक रजा घेतली होती आणि त्याला वडिलांबरोबर पपई-केळीची शेती करून बघायची होती. जमलं तर इथेच, नाही जमलं तर परत जर्मनीत. त्याच्या कंपनीला उन्हाळ्यात कळवायचं होतं. आमच्या घरात या मुदतीला सगळे ‘अखाजीपर्यंत’ म्हणत. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात लेकीबाळींना दिवाळीपेक्षा या सणाची ओढ जास्त, कारण तेव्हा त्या माहेरी येतात.

मुलाला राहायचंच होतं. त्याने आल्या आल्या बापाचे जुने बूट पायात घातले आणि जो मळ्यात गेला तो जेवायलाच घरी यायचा. म्हणजे सगळं तिच्यावर होतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला मुलगाच हवा होता, ती त्याच्यासोबत आली होती इतकंच. पण ती राहिली तरच तो राहणार, एवढा हिशेब प्राथमिक शाळेत जन्म घालवलेल्या बाईला कळतो. त्यामुळे मी तिला जपायचं ठरवलं. मनात माया नव्हती तरी तूप जास्तच वाढत होते.

ती मराठी शिकून आली होती. फोनवर धडे असतात म्हणे, त्यात बघून. ‘मी पाणी पीत आहे’, ‘आज हवामान चांगले आहे’ अशी वाक्यं ती एखाद्या हुशार विद्यार्थिनीसारखी म्हणायची. पण गल्लीत उतरली तर ‘आहे’ म्हणणारं कोणी भेटेना. आमच्याकडे सगळं ‘शे’. पाणी शे, घर शे, काम शे. दुसऱ्याच दिवशी ती मुलाला म्हणाली, की मी चुकीची भाषा शिकून आले वाटतं. मला मात्र बरं वाटलं. वर्गातल्या पोरांच्या तोंडचं ‘शे’ काढून तिथे ‘आहे’ बसवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि आता घरात एक माणूस असं आलं होतं की त्याला ‘आहे’ आधी आलं. तेवढ्यापुरती ती मला फार आवडली.

बाकीचं सोपं नव्हतं. संध्याकाळी तिला चालायला जायचं असायचं. कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही, नुसतं चालायचं. वाटेत प्रत्येक जण विचारी, “कथा जाई ऱ्हायनी व?” ती खरं सांगायची, की कुठेच नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, घरात भांडण झालं असेल. मग कोणीतरी मोटरसायकल वळवून तिला मागे बसवून घरी आणून सोडी. ती हताश होऊन उतरायची, आणि आणणारा माझ्याकडे असा बघायचा की मी तिला उपाशीच ठेवलंय.

आणि दार. दुपारी ती खोलीचं दार लावून घेई. एकवेळ खोलीचं ठीक, पण एके दिवशी तिने पुढचं दारही लावलं. दिवसाढवळ्या पुढचं दार बंद म्हणजे आमच्याकडे काहीतरी बरंवाईट घडलेलं असतं. चार बायका धावत आल्या. तिला वाटलं, दार लावलं की लोक येतात, तर उघडंच ठेवलेलं बरं.

तिचं काम फोनवरचं होतं. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीची गिऱ्हाइकं फोन करून गाऱ्हाणी सांगत आणि ती ऐकून घेई. ते काम तिने इथे येताना सोबत आणलं होतं. तिकडे सकाळ उजाडते तेव्हा आमच्याकडे दुपारची जेवणं उरकलेली असतात, म्हणून तिचं काम दुपारी सुरू व्हायचं. घरात रेंज धड मिळेना, सगळ्यात चांगली मिळायची ती ओट्यावर, निंबाच्या सावलीत. तिथे तिने खुर्ची मांडली. कानात ते बिनवायरचं बोंड, त्यावर मोकळे केस, आणि मांडीवर लॅपटॉप.

इथून आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली.

आधी शेजारपाजारच्या बायका आल्या. मग मळ्यातून परतणारे पुरुष. मग बाजारला निघालेली, बसची वाट बघणारी, कुणाकुणाच्या घरी पाहुणी आलेली माणसं. येत आणि ओट्यावर बसत. ती कामात आहे हे त्यांना दिसत असे, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. बसायला आलेल्या माणसाशी बोललंच पाहिजे असं आमच्याकडे नाही. माणूस बसतो, इकडेतिकडे बघतो, पाणी पितो, उठतो. चहा मात्र करावा लागतो, आणि तो मी करत होते. एकेका दुपारी आधण उतरवायची सोय नव्हती.

गावात तिचं नाव झालं. पिठाच्या गिरणीवर एक बाई मला म्हणाली, “सून गुनी शे तुन्ही. जानारा-येनाराले बलावस.” येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावते. मी मान डोलावली, पण घरी येताना डोकं तापलेलं होतं. बोलावते ही, आणि चहा मी करते. शिवाय बोलावलेल्या माणसाकडे ही धड बघतही नाही. बोलावून तोंड फिरवायचं, याच्याइतकं वाईट काय असेल? त्यापेक्षा बोलावू नये.

तिची तऱ्हा उलटी होती. ती दिवसेंदिवस सुकत चालली होती. मुलाने मला सांगितलं, की तिला झोप लागत नाही. लोक तिला बघायला येतात असं तिला वाटतं. प्राणिसंग्रहालयातल्यासारखं. आपण कोणाला काही म्हणत नाही, तरी सगळे येऊन समोर बसतात आणि टक लावून बघतात, असं ती त्याच्याजवळ रडली होती. मी म्हटलं, मग बोलावते कशाला? तो म्हणाला, ती का बोलावेल? असं म्हणून तो मळ्यात निघून गेला, आणि मी त्याला बायकोचा कैवारी म्हणून मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. अखाजीला ती जाणार आणि त्यालाही नेणार, हे मला त्या दिवशी पक्कं वाटलं.

येणाऱ्यांत एकटी जिजी अशी होती की तिचा सुनेला त्रास नव्हता. जिजी आमच्या समोरच्या घरात राहते. नवरा नाही, मुलगा सुरतेला, मुलगी झालीच नाही. दुपारची झोप झाली की ती काठी टेकत यायची, खांबाला पाठ लावून बसायची आणि वाती वळायची. दोन फोनांच्या मधे तिला काहीबाही सांगायची. माझी सून हळूहळू ‘बठ’, म्हणजे बस, आणि ‘कसाले’ म्हणायला लागली. मी ‘कशाला’ म्हण असं सुधारलं की दोघीही मान हलवायच्या आणि पुन्हा आपलंच चालू.

होळी झाल्यावरची गोष्ट. गल्लीत बांगड्यांवाली आली होती. मी मागच्या अंगणात कुरडया उन्हात घालत होते. पुढे काहीतरी खळकन वाजलं आणि कोणीतरी ओरडलं म्हणून धावत आले. बांगड्यांवालीने ओट्यावर सगळा माल मांडला होता, सुनेचा हात धरून बांगडी चढवायला घेतली होती, आणि सुनेने दचकून हात ओढला होता. बांगड्या वाढल्या होत्या. फुटल्या असं म्हणत नाहीत. बांगड्यांवाली म्हणाली, “तिनीच बलावं माले. या या करी ऱ्हायनी ना कवयपासून.” कधीपासून या या करतेय.

सून तोवर फोनवर कोणाची तरी माफी मागत होती. फोन ठेवल्यावर मी तिला सोडलं नाही. म्हटलं, तू बोलावतेस आणि मग हात झटकतेस, ही कुठली रीत? गावाला चहा पाजून पाजून माझे हात मोडले. लोकांना बोलवायचं तर त्यांच्याशी बोल, नाही तर बोलवू नकोस. माझा आवाज चढला की वर्गातली मागची रांगसुद्धा ताठ बसायची. ती उभी राहिली. म्हणाली, “मी कोणाला बोलावत नाही. कधीच नाही.”

“आत्ता ‘या या’ म्हणत होतीस ना?”

ती अगदी हळू, धड्यातल्यासारखं म्हणाली, “आई, ‘या’ म्हणजे हो.”

त्यांच्या भाषेत ‘हो’ला ‘या’ म्हणतात. तिचं कामच ऐकून घेण्याचं. तिकडचा माणूस फोनवर गाऱ्हाणं सांगणार आणि ही म्हणणार, या, या, या. वर तिची चांगली सवय अशी, की समोरून कोणी गेलं की मान लववून हसायचं. आता आमच्या गल्लीतून जाणाऱ्या माणसाने काय समजावं? नवी सून मान लववतेय, हसतेय आणि म्हणतेय, या. तो बिचारा “उनू व माय, उनू”, आलो गं माय, आलो, म्हणत ओट्यावर चढणारच. नाही चढला तर तो माणूस कसला?

मुलाला दोन्ही भाषा येत होत्या, पण त्याच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. तो म्हणाला, ती बोलते तेव्हा मी जर्मन ऐकतो, मला त्यात मराठी ऐकूच येत नाही. माझे मालक मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. तीही हसायला लागली. आल्यापासून तिला असं हसताना मी प्रथमच पाहिलं. मलाही हसू आवरेना. बांगड्यांवालीला बसवून चहा दिला, तोही हसत.

मालकांच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेले आणि तिथे त्यांनी रंगवून रंगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं. ओट्यावर यायचं सगळ्यांनी बंद केलं. कोणी रागावलं नव्हतं. उलट जाता जाता हात वर करून “या!” म्हणत, म्हणजे हो, आणि पुढे जात. पोरांना खेळच मिळाला. सून निवांत काम करू लागली, रात्री झोपू लागली. माझा चहा-साखरेचा डबा महिनाअखेरपर्यंत पुरू लागला. मला वाटलं, बला टळली, आता ही राहील.

पण जिजीही येईना.

पहिले दोन दिवस वाटलं, अंग दुखत असेल. मग मीच तिच्याकडे गेले. ती आत जमिनीवर बसून वाती वळत होती. म्हटलं, जिजी, का येत नाहीस? तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, “मी रोज जाऊ. माले वाटे, पोर बलावस.” पोर बोलावते असं वाटून ती रोज यायची. मग तिने विचारलं, “मंग तिनी माले एक दिन बी बलावं नही का, मास्तरीन?”

म्हणजे तिने मला एक दिवससुद्धा बोलावलं नव्हतं का. गावभर हसत फिरलेली गोष्ट या घरात आली तेव्हा तिच्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिजीला बोलावणारं कोण होतं? आम्ही समोर राहून तिला सणावारी ताट पाठवत होतो. ये, बस, असं रोज कोण म्हणतं. मला तिथे बसवेना, आणि उठून यायलाही बरं वाटेना.

जेवताना मी सुनेला हे सांगितलं. जिजीचं वाक्य तिला नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं, एकदा तसंच आणि एकदा पुस्तकी मराठीत. तिचा घास हातातच राहिला. तिने विचारलं, “रागावल्या?” मी म्हटलं, राग नाही. लाज वाटली तिला. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तिने काम आटोपून लॅपटॉप मिटला, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून जिजीच्या पायरीवर जाऊन बसली. हाक मारली नाही, काही विचारलं नाही. जिजी आत होती. बाहेर आली, तिला बघितलं, परत आत गेली. ही बसूनच. आमच्या ओट्यावर लोक जसे येऊन बसायचे आणि जे बघून तिला रडू यायचं, अगदी तशीच बसली होती. बऱ्याच वेळाने जिजीने पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. ती पाणी प्यायली, आणखी थोडी बसली, आणि उठून आली.

मग रोजच जाऊ लागली. बोलत काय होत्या देव जाणे. मला मत्सर वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी तिला तूप वाढलं, तिची भाषा सुधारली, तिच्यासाठी ‘आहे’ बोलले, आणि ही मायेने जाऊन बसते ती समोर. एकदा मला म्हणाली, “जिजी एकली शे.” मी ‘एकटी आहे’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अखाजी जवळ आली तसं घरातलं बोलणं कमी झालं. मुलगा आणि ती आपसात त्यांच्या भाषेत बोलत. मी स्वयंपाकघरातून कान देई. त्या सगळ्या भाषेतला मला एकच शब्द कळत होता, आणि तोच सारखा ऐकू येई. तो काहीतरी विचारायचा आणि ती म्हणायची, या. कशाला हो म्हणतेय? राहायला की जायला? आधी तरी बरं होतं, मला तो शब्द कळत नव्हता. मुलाला विचारायची हिंमत होत नव्हती. मालकांना म्हटलं, तुम्ही विचारा. ते म्हणाले, पपईचं विचार, ते सांगतो.

सणाच्या आदल्या दिवशी गल्ली भरून गेली. निंबाला झोके बांधले. ज्याच्या त्याच्या लेकी येत होत्या, कोणी शहाद्याहून जीपने, कोणी विसरवाडीला बस बदलून, कडेवर पोरं आणि हातात पिशव्या. आमच्याकडे लेकीला सासरहून आणायला माहेरचं कोणीतरी जातं, भाऊ नाहीतर चुलता. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक निघत नाही, आणि सासूने हो म्हटल्याशिवायही नाही. सून ओट्यावर उभी राहून हे सगळं बघत होती. तिचं काम बंद होतं, सुट्टी घेतली होती. तिला माहेरची आठवण येत असेल असं वाटलं, पण कसं विचारायचं ते कळेना.

तेवढ्यात जिजी आपल्या घरातून निघाली. धुतलेलं लुगडं नेसली होती, डोक्यावर पदर. काठी टेकत आमच्या ओट्यापाशी आली आणि खालीच थांबली. होळीनंतर ती आमच्या दारात आली नव्हती. मी म्हटलं, वर ये. ती चढली नाही. अगदी रीतीप्रमाणे, सुनेकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, “तुन्ही सूनले लेवाले उनू, मास्तरीन.”

तुझ्या सुनेला न्यायला आले. मला क्षणभर कळलंच नाही. म्हटलं, “जिजी, तिन्हं माहेर दूर शे.”

“दूर कसाले? समोर तं शे,” जिजी म्हणाली.

सुनेला कळलं. मला समजावून सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि तिची ती चाकांची बॅग काढली. मला विचारलं, माहेरी किती कपडे न्यायचे? मी म्हटलं, आमच्याकडे चार दिवस राहतात. चार दिवसांचे कपडे तिने नीट घड्या करून भरले. मी तिला हळदकुंकू लावलं, डोक्यावर पदर नाही म्हणून ओढणी घेतली आणि तिच्या डोक्यावर टाकली. मला जिजीचं बरं वाटत होतं आणि माझं वाईट वाटत होतं. सणाच्या दिवशी माझं घर रिकामं होणार होतं, आणि अडवायची सोय नव्हती, कारण रीत आमचीच होती.

पुढे जिजी, मागे ती. बॅगेची चाकं गल्लीतल्या फरशांवर खडखडत गेली. झोक्यावरच्या लेकी थांबून बघू लागल्या. कोणीतरी जिजीला विचारलं, कोण आलं गं तुझ्याकडे? जिजी चालतच म्हणाली, “मन्ही आंडेर.” माझी लेक. आणि दोघी दारातून आत गेल्या.

मुलगा माझ्या शेजारी उभा होता. आता विचारलं नसतं तर मला कधीच विचारता आलं नसतं. मी म्हटलं, “कंपनीला काय कळवणार तुम्ही?”

तो म्हणाला, “कालच विचारलं तिला. म्हणाली, आता नको. सण होऊ दे, मी माहेरहून आल्यावर बोलू.”

“काल म्हणाली? जिजी तर आत्ता आली.”

“जिजीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. फक्त तुझी परवानगी राहिली होती.”

मी त्याला म्हटलं, चार दिवसांनी सकाळी आंघोळ करून, चांगला सदरा घालून तिला आणायला जायचं. बूट घालून जाऊ नकोस. आणि आत जाऊन पुरण शिजायला टाकलं.